असबाबाचं वजन

मराठी अर्जाच्या शेवटी आपण 'सबब विनंती की' असं लिहितो. ही सबब मूळची अरबी, अर्थ कारण. अरबीत तिचं अनेकवचन होतं असबाब. उर्दू-फारसीत मात्र असबाब म्हणजे सामानसुमान, आणि जुन्या मराठी कागदांतही 'मालअसबाब' हा जोडशब्द भेटतो. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असले धागे वर्गात मुलांना दाखवायला मला आवडतं. प्रवासाला निघालेल्या माणसाची ट्रंक म्हणजे कारणांची ट्रंक, असं मी त्यांना सांगते. आत जे काही आहे त्याला कोणाची तरी काही सबब आहे.

हल्ली या सबबी कमी करायची फॅशन आहे. सात किलोच्या एका केबिन बॅगेत पंधरा दिवसांचा परदेश प्रवास कसा करायचा, याचे व्हिडिओ माझे विद्यार्थीही बघतात. कपडे गुंडाळून ठेवा, दोनच चपला घ्या, बाकी तिथे गेल्यावर विकत घ्या. सल्ला वाईट नाही. फक्त 'तिथे गेल्यावर विकत घ्या' हे तीन-चार शब्द किती लोकांना लागू पडतात, हा प्रश्न मला पडतो. हलकं निघता येणं हा स्वभावाचा गुण आहे की खिशाचा? याचं उत्तर शोधायचं तर मुंबईच्या धक्क्यावरून हजला निघालेल्या लोकांच्या सामानाकडे बघावं लागतं.

मुघलांच्या काळात हजची वाट सुरतेहून होती. सुरतेला बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा म्हणत. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि तो मान मुंबईकडे आला. त्या आधी शिडाच्या जहाजातून जाणाऱ्याला वाऱ्याचं वेळापत्रक पाळावं लागे. गेलेला माणूस कधी परतेल, परतेल की नाही, हे घरात कोणी खात्रीने सांगू शकत नसे. आगबोटीमुळे दिवस कमी झाले, पण खात्री लगेच आली नाही. डेकवरच्या उतारूंना अनेक वर्षं स्वतःच शिजवून खावं लागे. म्हणून तांदूळ, डाळ, तूप, लोणचं, कांदे, भांडी, शेगडी, वळकटी असं सगळं सोबत. आणि सगळ्यात खाली, घडी करून ठेवलेलं कफन. हे कफन मक्केत झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवायचं आणि परत आणायचं, किंवा तिकडेच बोलावणं आलं तर कामी यायचं. ट्रंक भरणाऱ्या बाईला दोन्ही शक्यता धरून सामान लावावं लागत होतं. (बाईलाच. सामान लावायचं काम आमच्याकडे तेव्हाही बायकांचं होतं, आजही आहे.)

श्रीमंतांचीही यातून सुटका नव्हती. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईमार्गे हजला गेल्या. त्यांच्या उर्दू प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये छापलं गेलं. एवढ्या मोठ्या संस्थानच्या मालकीण, पण जेद्दाला उतरल्यावर जकातवाल्यांनी सामानावरून जो त्रास दिला त्याची तक्रार त्यांनी चांगली तपशीलवार केली आहे. विमानतळावर बॅग उघडून दाखवताना ज्यांचा जीव वरखाली होतो त्यांनी हे पुस्तक जरूर मिळवून वाचावं.

पुढे आणखी एक तपासणी वाढली. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ आली, ती युरोपपर्यंत पोचली, आणि हाजींच्या गाठोड्याकडे सगळं जग संशयाने बघू लागलं. १८८२ पासून उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचं ठाणं चालवलं. हिंदुस्थानातून येणारी जहाजं तिथे थांबत. उतारूंना उतरवून त्यांचे कपडे आणि अंथरुणं वाफेच्या भट्टीतून काढत, आणि या सगळ्याची फी हाजींकडूनच वसूल होई. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हजला जाण्यावर बंदीच आली.

आता दुसरी बाजू. याच काळात असेही हजारो लोक निघत ज्यांच्याकडे जवळपास काहीच सामान नसे. इंग्रज अधिकारी आपल्या कागदपत्रांत त्यांना कंगाल यात्रेकरू म्हणत. जाण्यापुरतं तिकीट काढायचं, पुढे अल्लाह मालिक. परतीचे पैसे नसल्याने यातले कित्येक जेद्दात अडकून पडत. हा गोंधळ आवरायला सरकारने १८८६ मध्ये चक्क थॉमस कुक या पर्यटन कंपनीला हजचं एजंट नेमलं. कंपनीने १८९३ मध्ये काम सोडून दिलं. शेवटी १९२५ च्या कायद्याने परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम सक्तीची झाली.

यावर एक जुना दाखला आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रेषितांच्या काळात यमनचे काही लोक हजला काहीही न घेता येत. आमचा भरोसा अल्लाहवर आहे, असं ते म्हणत, आणि मक्केत पोचले की लोकांपुढे हात पसरत. सूरह बकरामध्ये हजच्या संदर्भात शिदोरी सोबत घेण्याची जी आज्ञा आहे, तिची पार्श्वभूमी इब्ने अब्बास यांनी अशी सांगितली आहे. त्याच आयतीत सर्वोत्तम शिदोरी तक्वा, म्हणजे ईशभय, असल्याचंही म्हटलं आहे. जुम्म्याच्या बयानात बहुतेकदा हा दुसरा भाग ऐकायला मिळतो. पहिला भाग तितकाच ठळक आहे. डाळतांदळाचं ओझं स्वतः उचला, ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नका. खांद्यावरून आठवलं, उर्दूत निवृत्त झालेल्या माणसाला 'सुबुकदोश' म्हणतात. अक्षरशः अर्थ, ज्याचा खांदा हलका झाला तो. जबाबदारी पूर्ण केल्यावर मिळणारा हा हलकेपणा आहे, आधीच टाळून मिळवलेला नव्हे.

मुंबईत या सगळ्या असबाबाची व्यवस्था करणारी एक दुनियाच उभी राहिली. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्यातलं ठळक नाव. मुघल लाइनची जहाजं पिढ्यान्‌पिढ्या हाजींना नेत होती. 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावं आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. १९९५ मध्ये समुद्रमार्गे हज बंद झाला. जहाजात ट्रंकेला कोपरा मिळत होता. विमानात किलो मोजायला लागले.

विमान आणि वजन यांचं नातं मुळापासूनचं. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला जे छोटं विमान घेऊन आले त्यात फक्त टपालाच्या पिशव्या होत्या. सुरुवातीच्या काळात कित्येक कंपन्या सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करत. पुढे आंतरराष्ट्रीय मार्गांवर साधारण वर्गाला २० किलो आणि पहिल्या वर्गाला ३० किलो हा हिशेब रुळला. तेवढं सामान तिकिटातच धरलेलं असे. जास्त झालं तर दंड, पण नेहमीच्या बॅगेला वेगळी किंमत नव्हती.

ती किंमत आली अगदी अलीकडे. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांनी २००६ मध्ये सुरुवात केली. २००८ मध्ये खनिज तेल बॅरलला १४५ डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. कारण दिलं इंधनाचं. त्याच वर्षाच्या अखेरीस तेल कोसळलं, फी मात्र राहिली आणि वाढत गेली. अमेरिकेत देशांतर्गत तिकिटाच्या रकमेवर साडेसात टक्के कर लागतो, बॅगेच्या फीवर लागत नाही. म्हणजे तिकीट स्वस्त दाखवून उरलेलं बॅगेतून काढणं कंपनीला दुहेरी सोयीचं. आता तिथल्या कंपन्या बॅगांच्या फीमधून वर्षाला ७ अब्ज डॉलरच्या आसपास कमावतात. बॅगा मोफत नेण्याची जाहिरात वर्षानुवर्षं करणाऱ्या साउथवेस्टनेही २०२५ मध्ये ती परंपरा मोडली.

आपल्याकडे देशांतर्गत विमानात १५ किलोची सवय झाली आहे. त्यापुढच्या पाच किलोंना किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नका, असं डीजीसीएने २०१६ मध्ये बजावलं होतं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बंधन काढून टाकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर चेक-इन बॅग नसलेल्यांना स्वस्त तिकीट द्यायची मुभा कंपन्यांना मिळाली. ज्याच्याकडे सामान नाही त्याने सामानवाल्याचा खर्च का भरावा, हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. पण बिनसामानाचा प्रवासी कोण असतो? दोन दिवसांच्या मीटिंगला जाणारा, ज्याचा हॉटेलात टॉवेलसुद्धा तयार असतो. आणि सामानवाला कोण? मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आई. दोन वर्षांनी घरी येणारा मजूर. रेल्वेच्या स्लीपर क्लासमध्ये आजही ४० किलो मोफत नेता येतं, आणि तिथे त्यावरून फारशी कुणाची अडवणूक होताना मी पाहिलेली नाही.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात या मजुराची ओळख करून द्यायला नको. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाहू लागला आणि कोकणातली गावंच्या गावं तिकडे गेली. आधी बोटीने जात. मुंबई-कराची-आखात अशी फेरी करणारी 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. परतताना ब्लँकेट, टू-इन-वन, अत्तरं, दूधपावडरचे डबे, सुंभाने आवळलेले खोके. या खोक्यांची चेष्टा पुष्कळ झाली. विमानतळावर गल्फवाला दिसला की पांढरपेशा प्रवासी नाक मुरडतो, हे मी स्वतः रांगेत उभी राहून पाहिलं आहे. पण त्या खोक्यात दोन वर्षांची ईद, आणि कोणाकोणाची राहिलेली सालगिरह बांधलेली असते. पैसे बँकेतून पाठवता येतात, हे त्यालाही माहीत आहे.

मागच्या वर्षी माझा भाचा शारजाला निघाला. आदल्या रात्री घरात हातात धरायचा छोटा काटा आणला होता. बॅग उचलली, तीन किलो जास्त. अशा वेळी आधी काय बाहेर निघतं ते मी बघत बसले. सेफ्टी बूट नाही निघाले. पाना-पक्कडची पिशवी नाही, कागदपत्रांची फाईल नाही. सुक्या बोंबलांची पिशवी निघाली, मग तांदळाचं पीठ, मग खालाने स्वतःच्या हाताने केलेलं आंब्याचं लोणचं. "अम्मी, तिथे सगळं मिळतं गं," तो म्हणाला. माझ्या बहिणीने मान हलवली आणि लोणच्याची बरणी पुन्हा कपाटात ठेवली. जास्तीच्या किलोचा दर तिलाही ठाऊक होता. त्या पैशात इथे लोणच्याच्या कितीतरी बरण्या येतील, हा हिशेब तिने मनात केलाच असणार. हिशेबाने ती बरणी मागे राहणंच बरोबर होतं.

काही वजनं मात्र लोक हिशेब न करता उचलतात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या बंडात सापडून, लुटले जाऊन, जिवानिशी परत आले, ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालायचं होतं. 'माझा प्रवास' मी दहावीच्या मुलांना आवर्जून वाचायला सांगते आणि कावडीपाशी आले की झमझमचा कॅन कोणाच्या घरी आहे असं विचारते. सगळे हात वर करतात. मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

झमझमच्या कॅनचीही कहाणी आहे. जुलै २०१९ मध्ये विमान बदलल्याचं कारण देऊन एअर इंडियाने जेद्दाहून येणाऱ्या काही फेऱ्यांवर हे कॅन नेता येणार नाहीत असं कळवलं. एवढा गलका झाला की कंपनीला दिलगिरी व्यक्त करून हुकूम मागे घ्यावा लागला. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन. आणि घरी आल्यावर ते किती जणांना वाटायचं? शेजारी, नातेवाईक, मशिदीतले लोक, आजारी माणसं, आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा. एकेकाला औषधाच्या टोपणाएवढं मिळतं. तरी बिस्मिल्लाह म्हणून, किब्ल्याकडे तोंड करून पितात.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना आता कॅन परतल्यावर इथल्या विमानतळावर मिळतो, त्यांनी काळजी करू नये. त्यांनी एवढंच बघावं की मसाल्याच्या डब्यात चुकूनही खसखस राहिलेली नाही, कारण सौदीत तिला अमली पदार्थ धरतात. उमऱ्याला जाणाऱ्यांचं वेगळं. ते वर्षभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी जातात. कुठे कॅन सामानाच्या वजनाबाहेर धरतात, कुठे आत. तेव्हा एजंटकडे हॉटेल हरमपासून किती पावलांवर आहे हे विचारतानाच झमझम वजनात धरणार की नाही हेही विचारून घ्या, आणि त्याच्याकडून लिहून घ्या.