मिठाचा खडा

परभाषा शिकताना व्याकरणापेक्षा वाक्प्रचार अधिक छळतात. हैदराबादच्या मराठी माणसाला हा अनुभव तीन वेळा आला. निजामी राज्याच्या कारभाराची भाषा आरंभी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापनही उर्दूतूनच होई. घरात मराठी, कचेरीत उर्दू, असे काचीगुड्यातील मराठी कुटुंबांचे जीवन होते. विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी मायबोलीचा नंदादीप तेवत ठेवला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी सत्ता संपली, पुढे विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि उर्दूतून विचार करणाऱ्या तरुणांना नवी वाट धरावी लागली.

पण ही मंडळी रिक्तहस्त नव्हती. ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे उदाहरण घ्या. न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे नगर. तेथे कोळसा नेणे म्हणजे व्यर्थ खटाटोप. फारसी जाणणाऱ्यास येथे किरमानला नेलेले जिरे आठवे, उर्दू जाणणाऱ्यास बरेलीला परत नेलेले बांबू, आणि कीर्तन ऐकत वाढलेल्यास समुद्रावर पडलेला पाऊस. नावे निराळी, मर्म एकच.

फसगत होते ती शब्दशः भाषांतर केल्याने. एखादी गोष्ट ‘विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट’ घ्यावी, म्हणजे तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. अक्षरशः उतरवू गेल्यास हाती मिठाचा खडा येतो. आणि मराठीत तो पडला की दूध नासते, जुळलेले कार्य बिघडते! शिवाय आपण खाल्ल्या मिठाला जागतो, आणि हकिकतीला तिखटमीठही लावतो. मीठ एकच, पण प्रत्येक वेळी त्याची चव वेगळी.

आपल्या शास्त्रकारांनी याचा उलगडा केव्हाच केला आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश, अर्थात दर्भ, आणणारा. धारदार दर्भ हात न कापता खुडावयाचा, तर निपुणता हवी. म्हणून पुढे कोणत्याही कर्मात निपुण असलेला तो कुशल ठरला. मूळ अर्थ मागे राहून रूढ अर्थ पुढे येतो, तिला काव्यशास्त्रात रूढी लक्षणा म्हणतात. इंग्रजी वाक्प्रचारांची किल्लीही हीच होय.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. काचीगुडा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. गोमंतकातील कोंकणी कुटुंबांनीही १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजभाषेशी असाच सामना केला. राजभाषा बदलत गेल्या, पण प्रत्येक नवी भाषा मापावयाचे माप घरचेच राहिले. आज मुले इंग्रजी लीलया बोलतात, याचा आनंदच आहे. परंतु आजीच्या तोंडच्या म्हणी त्यांच्या कानी पडल्या नाहीत, तर ते मापच हातातून जाईल. म्हणून प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारासोबत मुलाला एकच प्रश्न विचारावा : हे आपल्या घरी कसे म्हणतात?