घोडा, काकडीची कोशिंबीर आणि वायरलेस

आमच्या बाड हॉम्बुर्गला भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो: राजवाडा, बागेतले झरे आणि झालबुर्गचा रोमन किल्ला. मी मात्र त्यांना एस-५ लोकलने दोन स्टेशनं पुढे, फ्रीडरिक्सडॉर्फला, एका शाळामास्तरांच्या घरी नेतो.

फिलिप राइस हे त्या मास्तरांचं नाव. (जर्मनमध्ये राइस म्हणजे तांदूळच, त्यामुळे मुलांना ते लगेच पाठ होतं!) ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं १८७६ साली. राइस मास्तरांनी २६ ऑक्टोबर १८६१ रोजीच फ्रँकफुर्टच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे तारेवरून आवाज पाठवून दाखवला होता. गाणं बरं ऐकू यायचं, बोलणं अस्पष्ट. असं सांगतात की, पलीकडून कोणी पुस्तकातलं वाचलं की राइस ते बरोबर सांगत. तेव्हा एकाने शंका काढली, "पुस्तक तुम्हाला पाठ असेल!" मग मुद्दाम काहीच्या बाही वाक्यं बोलली गेली. "घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही" हे त्यातलंच. "सूर्य तांब्याचा आहे" हे म्हणे मास्तरांना "साखरेचा" असं ऐकू आलं.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. २०१९ साली इथल्या एका गोदामात बारकोड वाचणारे वायरलेस हँडहेल्ड बसवायचं काम माझ्याकडे होतं. ऑगस्टमध्ये रॅक अर्धे रिकामे. मी प्रत्येक गल्लीतून फिरलो, पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या पाहिल्या, सही केली. नोव्हेंबरमध्ये नाताळचा माल आला, रॅक पाण्याच्या बाटल्यांनी छतापर्यंत भरले आणि नोंदी गायब होऊ लागल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी चांगल्याच शोषून घेतं, हे इंजिनिअरिंगला शिकलो होतो की! काड्या तरीही दोन-तीन दिसायच्या. कारण काड्या फक्त छतावरच्या ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोजतात. त्याचा आवाज मोठा, हातातल्या यंत्राचा लहान. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही.

खरं तर हा धडा १९७१ सालचा. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांनी रेडिओवरून टर्मिनल संगणकाला जोडणारं अलोहानेट सुरू केलं. एकाच वेळी दोघे बोलले की दोन्ही निरोप वाया. म्हणून नियम असा: पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवा, आणि ते थांबणं प्रत्येकाचं वेगवेगळं. १९९७च्या वायफाय मानकातही पोच आहेच. पण आमच्या गोदामातला प्रोग्राम पाच-सहा प्रयत्नांनंतर गुपचूप सोडून द्यायचा, आणि ते मी तपासलंच नव्हतं.

मग भरल्या गोदामात पुन्हा फेऱ्या सुरू. ॲक्सेस पॉइंटची ताकद उलट कमी केली, म्हणजे दोघांचे आवाज सारखे झाले, आणि गल्ल्यांच्या तोंडाशी आणखी काही बसवले. आधी मी एकच लेबल पुन्हापुन्हा स्कॅन करत होतो. त्यात कुठली नोंद हरवली ते कळतच नाही, पाठ असलेल्या पुस्तकासारखं. आता १ ते २०० क्रमांकांची लेबलं छापली, चालत चालत स्कॅन केली आणि सर्व्हरवर कुठले आकडे नाहीत ते पाहिलं.

पहिल्या फेरीत एकतीस गायब होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन, दोन्ही मागच्या दाराजवळच्या गल्लीतले. तिथे अजून एक ॲक्सेस पॉइंट लावला.