परसातील गवत आणि फ्लॉरेन्सचे कंदमूळ

देवपूजेच्या पंचोपचारांत गंधाचा मान पहिला. पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य त्यामागून येतात. तेव्हा महाग गंधद्रव्याच्या जागी स्वस्त द्रव्य योजिले तर त्यात काही उणेपणा येतो काय, हा प्रश्न आपल्या वाचकांस परका नाही. या प्रश्नाचा एक उद्बोधक इतिहास युरोपात घडला आहे. त्याचा एक धागा आपल्या परसातील गवती चहाच्या ठोंबापर्यंत पोहोचत असल्याने तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पाश्चात्य अत्तरांत एक जात अशी आहे की, तिचा वास फुलाचा असूनही अबिराच्या चिमटीप्रमाणे कोरडा, मऊ आणि भुकटीचा भास देणारा असतो. हा परिमळ मुळात दोन ठिकाणांहून येई. एक व्हायोलेट, म्हणजे आपल्या वैद्यांचा बनफशा. आणि दुसरे आयरिस या झाडाचे कंदमूळ. आयरिसची लागवड इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास होते. ताज्या कंदास फारसा वास नसतो. तो सोलून, वाळवून सुमारे तीन वर्षे ठेवावा लागतो, तेव्हा कोठे त्यात सुगंध उतरतो. आणि ऊर्ध्वपातनाने हाती लागणारा मेणासारखा अर्क अत्यल्प असतो. व्हायोलेटच्या इवल्या फुलांची गत याहून निराळी नव्हती. साहजिकच हा गंध श्रीमंतांच्या दारापलीकडे गेला नाही.

१८९३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड टीमान व पाउल क्र्यूगर यांनी या कंदातील गंधतत्त्वाचा शोध मांडला. कंदाचा आणि व्हायोलेटचा गंध एकाच द्रव्याचा असावा, अशी त्यांची समजूत होती. ते द्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध करण्यासाठी त्यांनी सिट्रल आणि अॅसिटोन यांचा संयोग घडविला व त्यावर आम्लाची क्रिया केली. जे निपजले त्यास त्यांनी आयोनोन हे नाव दिले. वास हुबेहूब व्हायोलेटचा! आता या सिट्रलची खाण कोणती? तर गवती चहाचे तेल. त्यात सिट्रलचेच प्रमाण सर्वाधिक असते. केरळातील गवताचे तेल कोचीनमार्गे परदेशी जाई आणि तिकडे त्यापासून आयोनोन तयार होई. आपण ज्याची पाती चहात घालतो, त्याच्याच भाईबंदाने युरोपातील विलासाचा गंध सामान्यांच्या साबणात व पावडरीत आणून सोडला. गेर्लें यांची १९०६ व १९१२ सालची प्रख्यात अत्तरेही, ‘आप्रे लोंदे’ आणि ‘ल्योर ब्ल्यू’, या नव्या द्रव्यांच्या आधारानेच उभी राहिली. म्हणजे जे स्वस्त झाले, ते श्रीमंतांनीही नाकारले नाही.

पुढील शोध अधिक मनोरंजक आहेत. कंदातील खरे द्रव्य आयोनोन नव्हे, इरोन आहे. आयोनोनात कार्बनचे १३ अणू, इरोनात १४. इरोनाची रचना १९४७ साली निश्चित झाली. उलट १९७२ साली खुद्द व्हायोलेटच्या फुलातच आयोनोन सापडले. कंदाच्या दृष्टीने जी नक्कल ठरली, ती फुलाच्या दृष्टीने अस्सल निघाली.

आपल्या परंपरेस ही कल्पना नवी नाही. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. १६ द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० प्रकार होतात, असा हिशेब त्यात आहे. इतकेच नव्हे, बकुळीचा गंध बकुळीवाचून कसा साधावा, त्याच मिश्रणात कुष्ठ घातल्यास कमळाचा व चंदन घातल्यास चाफ्याचा गंध कसा येतो, तेही त्याने सांगितले. गोव्यात ज्यांना ओंवळां म्हणतात ती फुले बारमास मिळत नाहीत, हे त्या आचार्यासही ठाऊक असले पाहिजे! त्याने हा गंध लपविला नाही, कृतीसह सांगितला.

आमच्या मते खरा भेद येथेच आहे. युक्तीने सिद्ध केलेला गंध हीन नव्हे. हीन आहे ती लबाडी, जी आयोनोन देऊन कंदाच्या अर्काचे मोल घेते, किंवा लाकडाच्या भुशास चंदन म्हणते. आणखी एक गोष्ट विसरू नये. पुढे सिट्रल कारखान्यात खनिज तेलापासून होऊ लागले, तेव्हा केरळातील गवताची मागणी ओसरली. स्वस्ताईची किंमत कोणी तरी भरीत असतो.

अल्प मोलाचे गंध वाहताना भाविकाने संकोच बाळगू नये. मात्र दुकानदारास ‘हे काय आहे?’ असे अवश्य विचारावे. देवापुढे ठेवावयाच्या वस्तूचे नाव तरी खरे असावे.