पितळी टोकन आणि ओळखता न येणारी संख्या

बँकांमध्ये संगणक येण्यापूर्वी धनादेश वटवायला गेले की खिडकीतला कारकून धनादेश ठेवून घेई आणि हातावर एक पितळी टोकन ठेवी. रोखपालाने क्रमांक पुकारला की टोकन परत करायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. टोकनांवरचे आकडे बहुधा ओळीने असत. आपल्याकडे ४१ असेल तर मागच्या माणसाकडे ४२ असणार, हे कोणालाही कळत असे, आणि त्याने काही बिघडत नसे. कारण पैसे मिळत ते आकडा ठाऊक आहे म्हणून नव्हे, तर पितळेचा तो तुकडा हातात आहे म्हणून.

इंटरनेटवरच्या टोकनाला मात्र पितळ नसते. एखाद्या संकेतस्थळाचा पासवर्ड आपण विसरलो, की तेथील ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावर बोट ठेवतो. संकेतस्थळ आपल्या ई-मेलवर एक दुवा पाठवते. त्या दुव्याच्या शेपटीला अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ असते. तिलाही टोकनच म्हणतात. तो दुवा उघडला की जुना पासवर्ड न विचारता नवा ठेवता येतो. म्हणजे काही मिनिटांपुरती ती माळ हीच आपल्या खात्याची किल्ली असते. पण ही किल्ली म्हणजे निव्वळ एक आकडा. तो ज्याला सांगता येईल, त्याचे खाते. आपली टपालपेटी त्याने फोडण्याचीही गरज नाही. बटण आपल्या नावाने त्यालाही दाबता येते. मग आकडा ओळखला की काम झाले. आपला पासवर्ड वीस अक्षरी असो की तीस अक्षरी, त्याचा काही उपयोग उरत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की हा आकडा येतो कोठून? संगणक तर सांगितले तेवढेच करणारे यंत्र. तेच आकडे दिले तर तेच उत्तर देणारे. अशा यंत्राने कोणालाही ओळखता न येणारी संख्या काढायची कशी? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो प्रथम पडला तेव्हा कुलपांशी त्याचा काही संबंध नव्हता.

संख्याशास्त्रज्ञांना नमुना निवडण्यासाठी यादृच्छिक संख्या, म्हणजे कोणताही क्रम किंवा पक्षपात नसलेल्या संख्या, लागत. १९२७ मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून अंक उचलून ४१,६०० अंकांचे एक कोष्टक छापले. पुढे अमेरिकेतील रँड या संस्थेने विजेवर चालणारे एक प्रकारचे ‘रूलेट चक्र’ बनवून दहा लाख अंक काढले आणि १९५५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पानेच्या पाने नुसते अंक! यंत्रातून आलेल्या मूळ अंकांत थोडा पक्षपात आढळला, म्हणून त्यांची आपसात बेरीज करून ते आणखी घुसळावे लागले होते.

संगणकाला हे कोष्टक फारसे उपयोगी नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन हे न्यूट्रॉन पदार्थातून कसे प्रवास करतात याची नक्कल संगणकावर करू पाहत होते. न्यूट्रॉन आदळला तर कोणत्या दिशेला वळेल, हे दर वेळी जणू फासा टाकून ठरवायचे. त्यासाठी हजारो यादृच्छिक संख्या लागणार. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून त्या वाचण्यात वेळ जाई, आणि साठवून ठेवावे तर एनियाक या संगणकाच्या स्मृतीत जेमतेम वीस संख्या मावत. तेव्हा फॉन नॉयमन यांनी संख्या जागच्या जागी गणिताने बनवण्याची युक्ती सुचवली.

ती अगदी सोपी आहे. वर्गात फळ्यावर करता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, समजा १२३४. तिचा वर्ग १५२२७५६. आठ अंक व्हावेत म्हणून डावीकडे शून्य लावा: ०१५२२७५६. मधले चार अंक उचला: ५२२७. ही पुढची संख्या. तिचा वर्ग २७३२१५२९, मधले अंक ३२१५. मग ३३६२, मग ३०३०, मग १८०९. पाहणाऱ्याला यात कोणताही क्रम दिसत नाही. सुरुवातीच्या संख्येला ‘बीज’ म्हणतात. बीज कळले की पुढचे सगळे पीक आधीच ठरलेले असते, म्हणून अशा संख्यांना आभासी यादृच्छिक संख्या म्हणणे योग्य होईल.

विद्यार्थ्यांना आता ६१०० पासून सुरुवात करायला सांगा. २१००, ४१००, ८१०० आणि पुन्हा ६१००! झोपाळ्यासारखे तेच तेच. २५०० घेतली तर ती जागची हलतच नाही. फॉन नॉयमन यांना ही उणीव ठाऊक होती. अंकगणिताने यादृच्छिक संख्या काढू पाहणारा माणूस पाप करतो आहे, अशा अर्थाची थट्टाही त्यांनीच केली होती. तरी त्यांनी ही पद्धत वापरली, आणि त्यामागे वेगाखेरीज आणखी एक कारण होते. गणिताने काढलेल्या संख्या पुन्हा जशाच्या तशा काढता येतात. उत्तर संशयास्पद वाटले, तर तेच बीज देऊन सगळा हिशेब परत तपासता येतो. खऱ्या फाशाने ही सोय होत नाही.

हे कारण नीट लक्षात ठेवायला हवे. आमच्यासारख्या संशोधकांना आभासी संख्या आवडतात त्या पुन्हा काढता येतात म्हणून. कुलूप बनवणाऱ्याला मात्र नेमकी हीच गोष्ट घातक. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. पुढची जवळजवळ सारी गडबड एका कामासाठी घडवलेले हत्यार दुसऱ्या कामाला लावल्यामुळे झाली आहे.

डी. एच. लेहमर यांनी १९४९ मध्ये अधिक चांगली रीत मांडली: मागच्या संख्येला एका ठरलेल्या संख्येने गुणायचे, दुसऱ्या ठरलेल्या संख्येने भागायचे, आणि उरेल ती बाकी ही पुढची संख्या. ही रीत जगभर पसरली. तिचाच एक अवतार म्हणजे आय.बी.एम.च्या संगणकांबरोबर मिळणारा ‘रँडू’. १९६८ मध्ये जॉर्ज मार्साग्लिया यांनी दाखवून दिले, की अशा संख्या तीन-तीन घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते सगळीकडे विखुरत नाहीत, काही मोजक्या समांतर पातळ्यांवरच बसतात. रँडूच्या बाबतीत या पातळ्या अवघ्या पंधरा! तोवर त्यावर कितीतरी शास्त्रीय हिशेब होऊन गेले होते.

नक्कल करणाऱ्यांचे यात नुकसान झाले, पण ते चुकीच्या उत्तराचे. समोर लबाड माणूस बसला असेल तर काय होते, ते १९९५ मध्ये दिसले. नेटस्केप या तेव्हाच्या लोकप्रिय ब्राउझरमध्ये बँकेशी किंवा दुकानाशी होणारा संवाद गुप्त लिपीत जात असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी तो कार्यक्रम उकलून पाहिला. मूळ आज्ञावली त्यांना उपलब्ध नव्हती. त्यांना आढळले, की गुप्त किल्लीचे बीज घड्याळातील वेळ आणि संगणकावर चालू असलेल्या कामांचे दोन अनुक्रमांक एवढ्यावरूनच बनते. वेळ साऱ्या जगाला ठाऊक, अनुक्रमांकही थोडेच. किल्ली १२८ बिटांची आहे असे सांगितले जाई, पण त्या बीजातून निघू शकणाऱ्या किल्ल्याच मुळात कमी होत्या. दार पोलादी आणि किल्ली चौकटीवर ठेवलेली, असला हा प्रकार. नेटस्केपने लगेच दुरुस्ती केली.

१९९९ मधील पत्त्यांची गोष्ट आम्हाला याहूनही बोलकी वाटते. इंटरनेटवर पैसे लावून पोकर खेळवणाऱ्या एका कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी, पत्ते आपण किती प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवण्यासाठी, पिसण्याची पद्धतच प्रसिद्ध केली. ५२ पत्त्यांच्या मांडण्या किती होतात? ८ वर ६७ शून्ये, इतक्या. पण कार्यक्रमाचे बीज होते मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसात ते ८ कोटी ६४ लाखच असतात. म्हणजे त्या प्रचंड ढिगातून फार तर ८ कोटी ६४ लाख मांडण्या प्रत्यक्षात येणार. काही अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी आपले घड्याळ त्या सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवले, तेव्हा शक्यता दोनेक लाखांवर आल्या. मग हातातले दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन पत्ते एवढ्यावरून बाकी सगळ्या खेळाडूंचे पत्ते सांगता येऊ लागले.

आता पुन्हा आपल्या दुव्याकडे वळू. १९९५ मध्ये आलेल्या पी.एच.पी. या भाषेमुळे संकेतस्थळ बनवणे सोपे झाले. हौशी, शिकाऊ, घाईत असलेले असे असंख्य लोक ते करू लागले. ‘पासवर्ड विसरलात?’ची सोय करताना टोकन कसे बनवावे? अनेकांनी घड्याळातील सेकंद घेतले आणि ते एमडी५ नावाच्या सूत्रातून काढले. या सूत्रातून ३२ चिन्हांची अशी माळ निघते, की पाहणाऱ्याची छाती दडपावी. पण सूत्र म्हणजे पिठाची चक्की. एक शेर जोंधळे घातले तर पीठ एका शेराचेच निघणार. बारीक दळले म्हणून ते वाढत नाही. तासाभरात सेकंद ३,६०० असतात, म्हणून दळलेल्या माळाही ३,६००च. त्यातून सर्व्हर आपल्या प्रत्येक उत्तरासोबत स्वतःचे घड्याळ किती वाजले ते कळवत असतो!

काहींनी ‘युनिकआयडी’ नावाची आयती सोय वापरली. नावातच चकवा आहे. ती देते ती संख्या एकमेव असते, पण एकमेव असणे निराळे आणि ओळखता न येणे निराळे. परीक्षेचे आसनक्रमांक एकमेवच असतात, तरी शेजारच्या बाकावरच्या मुलाचा क्रमांक कोणीही सांगेल. युनिकआयडी म्हणजे मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ, षोडशमान पद्धतीने लिहिलेली. एका सेकंदात दहा लाख शक्यता, म्हणजे बऱ्याच झाल्या असे वाटेल. पण हल्लेखोर असे करतो: आधी स्वतःच्या खात्यासाठी दुवा मागवतो, लगोलग तुमच्या खात्यासाठी, आणि पुन्हा स्वतःच्या खात्यासाठी. पहिले आणि तिसरे टोकन त्याच्या टपालपेटीत येते. तुमचे या दोन वेळांच्या मध्ये कोठेतरी. ते अंतर एका सेकंदाचा पन्नासावा भाग असेल तर शक्यता उरल्या २०,०००. सेकंदाला पन्नास दुवे तपासले तर सात मिनिटांत काम संपते.

ज्यांनी घड्याळाऐवजी पी.एच.पी.ची यादृच्छिक संख्या घेतली, तेही सुटले नाहीत. ती संख्या येई मर्सेन ट्विस्टर या पद्धतीने. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत नक्कलीसाठी उत्तमच आहे. पण तिच्या पोटात ६२४ संख्यांची स्थिती असते. लागोपाठ पूर्ण ६२४ संख्या मिळाल्या की पुढची प्रत्येक संख्या काढता येते. पी.एच.पी.त तर बीजच ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपैकी एक. संगणकाला एवढी बीजे एकामागून एक तपासणे कठीण नाही. २००८ मध्ये स्टेफान एसर यांनी दाखवले, की एकाच सर्व्हरवरील एका कार्यक्रमाने नकळत उघड केलेल्या संख्येवरून दुसऱ्या कार्यक्रमाचा नवा पासवर्ड ओळखता येतो. २०१२ मध्ये अथेन्स विद्यापीठातील जॉर्ज आर्गिरोस आणि आगेलोस कियायास यांनी पासवर्ड परत मिळवण्याच्या याच सोयीवरील हल्ल्यांची पद्धतशीर मांडणी केली, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक कार्यक्रमांत ही खोट सापडली.

उपाय नवा नव्हता. १९९४ मध्येच थिओडोर त्सो यांनी लिनक्समध्ये एक व्यवस्था घातली होती. कळा दाबण्यातले, चकतीच्या हालचालींतले वेळेचे बारीक फरक ती गोळा करते आणि त्यांतून संख्या काढते. अशा उगमातून १२८ बिट घेतले तर शक्यता सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतक्या होतात. सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी १ वर २२ शून्ये इतकी वर्षे लागतील. जोडीला टोकन थोड्या वेळाने बाद करणे, एकदाच चालू देणे आणि फार प्रयत्न करणाऱ्याला अडवणे, एवढे केले की पुरे.

अर्थात उगम चांगला असूनही नळ गळू शकतो. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत एका दुरुस्तीच्या भरात आज्ञावलीच्या दोन ओळी काढल्या गेल्या, आणि किल्ल्यांच्या बीजात फक्त कामाचा अनुक्रमांक उरला. शक्यता राहिल्या ३२,७६८. लुचियानो बेलो यांना हे मे २००८ मध्ये सापडेपर्यंत असंख्य सर्व्हर त्या किल्ल्यांवर चालले होते, आणि ते सर्व बदलावे लागले.

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पी.एच.पी.च्या सातव्या आवृत्तीत कुलपांसाठी योग्य अशी स्वतंत्र सोय देण्यात आली. जुनी मात्र काढून टाकलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. आमच्या नकलांसाठी आम्हीही मर्सेन ट्विस्टरच वापरतो, आणि प्रत्येक वेळचे बीज प्रयोगाच्या वहीत तारखेसमोर लिहून ठेवतो.