कुरळे केस फुलवण्याची कुळकथा

केस जात्याच कुरळे असले म्हणजे ते भरदार दिसतातच असे नाही. टाळूला चपटे बसलेले आणि कानाखाली मात्र चोहीकडे पसरलेले केस ही कुरळ्या केसांची जुनी तक्रार आहे. केस मुळापासून उचललेले हवेत आणि त्यांच्या बटा विस्कटायला नकोत, या दोन्ही गोष्टी एकदम साधण्याला केस फुलवणे म्हणतात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आज त्यासाठी जी रीत वापरली जाते, तिचा काही भाग इथल्या न्हाणीघरातला आहे, तर काही लंडन-न्यूयॉर्कच्या केशकर्तनालयांतून आला आहे. या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कुरळे केस फुलणार की बसणार, हे ते विंचरले कसे यापेक्षा वाळवले कसे यावर ठरते.

याचे कारण केसाच्या घडणीत आहे. केस ज्या कूपातून उगवतो तो वाकडा असला की केस वळणे घेतच बाहेर येतो आणि त्याचा आडवा छेद गोल न राहता लंबगोल होतो. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातले गंधकाचे बंध पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल, तो आकार पुढच्या ओलाव्यापर्यंत टिकतो. ओला केस पाण्याच्या वजनाने खाली ओढला जातो. तसाच वाळला तर टाळूवरचा चपटेपणाही त्याच्यासोबत पक्का होतो. अर्धवट वाळलेल्या केसांत बारीक दात्यांची फणी घातली तर बट मोडून एकेक केस सुटा होतो आणि डोके पिंजारलेले दिसते. पिंजारलेल्या केसांचा पसारा मोठा असतो, पण त्याला आकार नसतो.

कुरळ्या बटांची आवड भारतात जुनी आहे. अमरकोशात कुरळ्या बटांना अलक आणि चूर्णकुंतल, तर बांधलेल्या केसांना धम्मिल्ल अशी नावे दिली आहेत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत कपाळावर वळणदार बटा आणि मागे सैल, भरीव अंबाडा असलेल्या स्त्रिया दिसतात. कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या बाह्य भिंतींवरच्या देवांगना आज बऱ्याच झिजल्या आहेत; तरी मध्ययुगीन दख्खनी शिल्पांत रूढ असलेली मोठ्या अंबाड्याची केशरचना तिथेही ओळखता येते. केसांचा भरदारपणा हे सौंदर्याचे लक्षण होते, पण तो मोकळा सोडण्यापेक्षा बांधून मिरवण्याकडे कल होता.

वाळवण्याचे एक जुने साधन धूर हे होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’त उज्जयिनीच्या जाळीदार खिडक्यांतून बाहेर पडणाऱ्या केसांच्या धुपाचा उल्लेख आहे. न्हाल्यावर ओल्या केसांखाली धूप ठेवला की केस सुगंधित होत आणि खालून येणाऱ्या मंद उबेने वाळतही. मराठी घरांत ही रीत बाळंतिणीच्या शेकशेगडीत टिकली. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि ऊद टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देत आणि बाळंतिणीचे केस मोकळे सोडून त्याच उबेवर सुकवत. ऊब मंद, दिशा खालून आणि केसांना हात नाही, या तिन्ही गोष्टी कुरळ्या केसांना मानवणाऱ्या होत्या. अर्थात उद्देश केस फुलवण्याचा नव्हता, सर्दी टाळण्याचा होता.

धुण्याची घरगुती सामग्रीही याच कामाला नकळत उपयोगी पडत होती. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असते. त्याचा फेस बेताचा आणि मळ काढण्याची ताकदही बेताची, त्यामुळे केसांचा नैसर्गिक तेलकटपणा पुरता निघून जात नसे. कोकणपट्टीत जास्वंदीची पाने पाण्यात चुरून निघणारा बुळबुळीत रस न्हाताना लावत. त्याने केस निसरडे होत आणि गुंता बोटांनीच सुटे. न्हाण्याआधी खोबरेल तेल चोपडणे हा तर नेमच होता. त्यामागचे शास्त्र मुंबईतच तपासले गेले. मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावले असता केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. खोबरेलातले लॉरिक आम्ल कमी रेणुभाराचे आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरते. कुरळा केस वळणावळणावर कमजोर असल्याने त्याला हे राखण अधिक लागते.

बांधण्याच्या बाबतीत मात्र घरचे वळण कुरळ्या केसांच्या विरुद्ध होते. चापूनचोपून विंचरलेला भांग, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, हीच शालीन मुलीची खूण मानली जाई. मोकळे केस अवलक्षणी ठरत. भरदारपणा हवा तर तो अंबाड्यात किंवा खोप्यात आणायचा. केस कमी पडले तर आत गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा झुपका घालायचा आणि आकड्यांनी पक्के करायचे. खोपा घालताना कुरळे केस उलट सोयीचे पडत, कारण वळणे एकमेकांत अडकून राहतात आणि आकडे सरकत नाहीत.

मोकळ्या, लहरदार केसांना घराघरांत प्रतिष्ठा मिळाली ती छापील चित्रांमुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या खांद्यांवर लांब, वळणदार केस मोकळे सोडलेले आहेत. देव्हाऱ्यातल्या देवीला शोभणारे केस घरच्या लेकीसुनांना मोकळे सोडायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली. १९६०च्या दशकात हिंदी चित्रपटांतून टाळूवर उंच फुगा आणणारी केशरचना आली. त्यासाठी केसांच्या बटा उभ्या धरून कंगवा टोकाकडून मुळाकडे उलटा फिरवत, म्हणजे बॅककोंबिंग करत. सरळ केसांना याने उंची मिळते. कुरळ्या केसांत त्याने वळणे मोडतात, बाहेरचे खवले उचकटतात आणि धुताना गुंता सुटता सुटत नाही.

त्याच सुमारास उपनगरांची दिनचर्याही बदलत होती. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली; पण नोकरदार स्त्रियांची मोठी गर्दी या मार्गावर स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत वाढली आणि १९९२ पासून मध्य रेल्वेवर महिला विशेष गाडी धावू लागली. सकाळची लोकल गाठायची तर केस वाळवायला वेळ नाही. म्हणून न्हाणे रविवारी, आणि इतर दिवशी तेलाचा हात फिरवून वेणी किंवा क्लचर. आठवड्याच्या मध्ये न्हावे लागलेच तर ओल्या केसांची सैल वेणी घालून घर सोडायचे आणि डब्यात वाऱ्यावर ती सोडायची. असे वाळलेले केस वेणीच्या घड्या घेऊन बसत, टाळूवर मात्र सपाट राहत. १९८३ साली तमिळनाडूतील सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू बाजारात आणला. त्याच्या आणि इतर कंपन्यांच्या पुड्यांमुळे शाम्पू वाण्याच्या दुकानातल्या माळेवर टांगला गेला. शिकेकाई मागे पडली. जास्त फेसाच्या शाम्पूने कुरळे केस आणखी कोरडे आणि पिंजारलेले होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून २०००च्या दशकात पार्लरांतून रिबाँडिंग आणि स्मूदनिंग आले. रिबाँडिंगमध्ये रसायनाने गंधकाचे बंध तोडून केस सरळ केलेल्या स्थितीत ते पुन्हा जोडतात. कुरळेपणा हा दुरुस्त करायचा दोष, ही समजूत त्या वर्षांत सर्वात बळकट होती.

पश्चिमेतला प्रवास याच्या उलट दिशेने झाला. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो याने १८७०च्या दशकात तापवलेल्या चिमट्याने लहरी पाडण्याची रीत रूढ केली. जर्मन कारागीर कार्ल नेसलर याने १९०६च्या सुमारास लंडनमध्ये तापवलेल्या पितळी कांड्यांवर केस गुंडाळून कायमचे कुरळे करून दाखवले. सरळ केसांच्या स्त्रिया वळणे विकत घेत असताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर केस सरळ करण्याचे दडपण होते; १९६०च्या दशकात त्यांनी ते झुगारून आफ्रो केशरचना अभिमानाने मिरवली. १९९७ साली केशरचनाकार आंद्रे वॉकर याने सरळ ते अतिकुरळे अशी केसांची चार गटांत विभागणी मांडली. २००१ साली न्यूयॉर्कच्या लॉरेन मॅसी यांचे ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक आले. सल्फेटचा शाम्पू नको, सिलिकॉन नको, कोरड्या केसांत ब्रश नको आणि टॉवेलने खसाखसा पुसणे नको, हे त्यातले मुख्य नियम. तेल, मंद धुणे आणि बोटांनी गुंता सोडवणे यांची सवय असलेल्या मराठी घराला यातले निम्मे नियम ओळखीचे होते.

ही रीत भारतात २०१०च्या दशकात यूट्यूब आणि फेसबुकवरून पसरली. एका मराठी गाण्याचाही तिला हातभार लागला. २०१६ साली अभिनेत्री मिथिला पालकर हिने ‘ही चाल तुरुतुरु’ हे शांता शेळके यांचे, जयवंत कुळकर्णी यांनी गायलेले जुने गाणे पेल्याच्या तालावर म्हटले आणि ती चित्रफीत घरोघर पोहोचली. भुरभुर उडणाऱ्या केसांचे वर्णन असलेले ते गाणे मोकळ्या, कुरळ्या केसांच्या मुलीने म्हटलेले लोकांनी पाहिले. २०२०च्या टाळेबंदीत लोकलची घाई थांबली आणि केस वाळवण्यासाठी लागणारा वेळ घरून काम करणाऱ्यांना मिळाला.

आज इथे रुळलेली कृती साधारण अशी आहे. धुण्याआधी खोबरेल लावतात. शाम्पू फक्त टाळूला चोळतात, कंडिशनर लांबीला लावून गुंता ओल्यातच मोठ्या दात्यांच्या कंगव्याने सोडवतात. केसांतून पाणी निथळत असतानाच जेल लावतात. बाजारी जेलला घरगुती पर्याय जवसाचा, आणि चटणीसाठी तो बहुतेक घरांत असतोच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळायचे. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले, चमच्यावरून तार धरू लागले, की गॅस बंद करून गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते. जवसातला चिकट पदार्थ वाळून केसांवर पापुद्रा धरतो आणि वळणे त्याच जागी राहतात.

पुढचा टप्पा फुलवण्याचा. कमरेत वाकून केस उलटे सोडायचे, टोकाकडून टाळूकडे मुठीत धरून हलके दाबायचे आणि जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळून जास्तीचे पाणी टिपायचे. मग भांगाजवळच्या केसांना मुळाशी आडव्या क्लिपा लावून ते टाळूपासून उचलून धरायचे. ड्रायर वापरायचा तर त्याच्या तोंडाला पसरट, भोकांची वाटी, म्हणजे डिफ्यूझर लावतात. ड्रायरचा सरळ झोत बटा मोडतो; वाटीतून हवा पसरून मंद येते. आच मध्यम ठेवून, डोके उलटे करून, बटा वाटीत गोळा करून टाळूपर्यंत नेतात. केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वाळल्यावर जेलचा कडकपणा तळव्याला तेलाचा थेंब लावून मुठीने चुरतात, क्लिपा काढतात आणि बोटांची टोके टाळूवर हलवून मुळे मोकळी करतात. भांगाची बाजू बदलली तरी थोडी उंची मिळते.

ठाणे जिल्ह्याच्या हवेत या कृतीला काही फेरफार करावे लागतात. खाडी आणि उल्हास नदीच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवा ओलाव्याने भरलेली असते. वाळताना जुळलेले हायड्रोजन बंध हवेतल्या वाफेनेच पुन्हा सुटतात आणि केस पिंजारतात. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून जून ते सप्टेंबर ग्लिसरीनची उत्पादने टाळून दाट जेल वापरणे बरे पडते. पाण्याचाही फरक पडतो. नदी-धरणाचे पाणी मऊ असते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी जड असले तर त्यातला चुना केसांवर साचून ते राठ होतात. अशा वेळी अधूनमधून साठलेला थर काढणारा शाम्पू लागतो.

या तंत्राची खरी कसोटी लागते ती दिवाळीच्या पहिल्या दिवशी. पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान होते आणि सकाळीच डोंबिवलीत फडके रोडवर, ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवर तरुणाईची गर्दी जमते. तेल निघेपर्यंत धुणे आणि मग फुलवून वाळवणे यासाठी मध्ये फार वेळ नसतो. म्हणून बहुतेक जणी आदल्या रात्रीच केस घडवून ठेवतात, सकाळी टाळूला तेलाचे बोट लावण्यापुरता शास्त्राचा मान राखतात. गुढीपाडव्याला केस पुन्हा बांधले जातात. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेल्या नववर्ष स्वागतयात्रेत नऊवारीवर खोपा असतो. फुलवलेल्या कुरळ्या केसांचा खोपा गंगावनावाचून भरीव होतो.

पार्लरांनीही आता कात्री धरण्याची रीत बदलली आहे. कुरळा केस ओला असताना लांब आणि वाळल्यावर आखूड दिसतो, म्हणून केस कोरडे ठेवून एकेक बट पाहून कापतात. एकसारख्या लांबीने केसांचे सारे वजन खाली जाते आणि डोक्याचा आकार त्रिकोणी दिसतो; वरचे थर आखूड ठेवले की ते वजन कमी होऊन टाळूवरची वळणे वर उचलली जातात. काप असा असेल तर जेल कमी लागते आणि ड्रायर रोज हाती घ्यावा लागत नाही.