दिनविशेष, १३ सप्टेंबर : आदिवासी हक्कांचा जागतिक जाहीरनामा
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये आजच्या दिवशी आदिवासी समुदायांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूने, ४ विरोधात, तर ११ तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिले; मात्र स्वातंत्र्याच्या वेळची सारीच भारतीय जनता इथली मूळ रहिवासी आहे, ही भूमिका सोडली नाही. या भूमिकेने मूळ प्रश्नाला बगल दिली जाते. आधी कोण आले यावर हे हक्क अवलंबून नाहीत. पिढ्यानपिढ्या कसलेल्या आणि राखलेल्या भूमीवरून बेदखल होण्याचा अन्याय हा त्यांचा आधार आहे. २००६ च्या आपल्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच या ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे.

जाहीरनामा बंधनकारक नाही, मग त्याचा उपयोग काय, असेही विचारले जाते. तो तत्त्व सांगतो. बळ देशाच्या कायद्यातून येते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. ओडिशातील नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला आणि त्यांनी खाण नाकारली. जाहीरनाम्यातील पूर्वसंमतीचे, म्हणजे प्रकल्पाआधी समुदायाची संमती घेण्याचे, तत्त्व असे प्रत्यक्षात उतरते. नंदुरबारचे भिल्ल, पावरा आणि किनवटचे गोंड, कोलाम यांना उच्च न्यायालयात दाद मागायची, तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातच यावे लागते. म्हणून हे हक्क प्रत्यक्षात उतरवण्याची जबाबदारी या शहराचीही आहे. ग्रामसभेच्या ठरावाला कागदावर आहे तेवढेच वजन व्यवहारात मिळाले, तरच भारताने दिलेल्या त्या मताला अर्थ राहील.