चिठ्ठी टाकून उघडलेला वर्ग



शाळा सुरू व्हायच्या सुमाराला बेसा चौकातून मनीषनगरकडे निघालं की शिकवणी वर्गांचे फलक दिसू लागतात. हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि खाली टक्के. आपण आया तिथे थांबतो, नावं वाचतो आणि मनातल्या मनात फीचा हिशेब मांडतो. पण त्या वर्गात एकूण मुलं किती होती, ते फलकावर नसतं. फोटोतली मुलं त्या वर्गाला गेलीच नसती तर त्यांना किती टक्के पडले असते, हे तर कुणालाच लिहिता येणार नाही.

हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. त्यांची उत्तरं शोधायला आपल्या महाराष्ट्रात माणसांनी पुष्कळ पायपीट केली आहे. आजच्या भागात त्यांतली एक गोष्ट आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत. त्या गोष्टीत काम करणाऱ्या बहुतेक तुमच्याआमच्या घरातल्यासारख्या मुली होत्या.

सुरुवात सातारा जिल्ह्यापासून करू. इंग्रजांच्या काळात शिक्षणाची प्रगती मोजायची म्हणजे पटावरची नावं मोजायची. पट वाढला की साहेब खूश. १९२९ साली हार्टोग समितीने या पटाच्या पोटातलं दुखणं उघड केलं. बरीच मुलं प्राथमिक शिक्षण पुरं होण्याआधीच शाळा सोडतात, ती गळती. आणि बरीच एकाच इयत्तेत दोन-दोन, तीन-तीन वर्षं बसून राहतात, ते स्थगन. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यात याचा माग काढला. या कामामागे दोन अभ्यासक होते. एक धनंजयराव गाडगीळ, ज्यांचं शालेय शिक्षण आपल्या नागपुरात झालं, आणि दुसरे वि. म. दांडेकर, जे मूळचे साताऱ्याचेच. दोन पाहण्यांचा त्यांचा अहवाल १९५५ साली छापून आला. एका पाहणीचा विषय गळती आणि स्थगन हा होता. दुसरीचा प्रश्न आम्हाला फार आवडतो: शाळा सोडून वर्षं लोटलेल्या माणसांना आज वाचता येतं का, की शिकलेलं विसरून ती पुन्हा निरक्षर झाली? शाळेत किती आले हे मोजण्यापेक्षा अंगात किती उरलं हे मोजणं अवघड आहे. त्यासाठी दप्तर उघडून भागत नाही, माणसाच्या दारात जावं लागतं.

इथवर ‘किती पैकी किती’ हा प्रश्न झाला. ‘कशाच्या तुलनेत’ हा दुसरा प्रश्न त्याहून चिवट. त्यासाठी आधी वावरात जाऊ या.

समजा, तुम्ही अर्ध्या वावरात नवं खत टाकलं आणि तिथे कापूस चांगला आला. श्रेय खताचं की विहिरीचं? कारण विहीर त्याच बाजूला आहे आणि तिथली मातीही काळीभोर आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात यावर तोड सांगितली. वावराचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात खत टाकायचं हे चिठ्ठी काढून ठरवायचं. मग चांगली जमीन, वाईट जमीन, विहिरीजवळची, बांधाजवळची, सगळी दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. शेवटी जो फरक उरतो तो खताचा. किती फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो, तेही गणिताने काढता येतं. गावातली भिशी चिठ्ठीवर चालते तेव्हा कुणी कुरकुर करत नाही, त्याच न्यायाची ही गोष्ट.

हीच चिठ्ठी पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत पोचली.

१९९०च्या दशकात मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या एका उपक्रमाचं नाव होतं बालसखी. वस्तीतलीच एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी घ्यायची, तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायचं. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे. खोली मोकळी असली तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात, नाहीतर मैदानात. जे पहिली-दुसरीत यायला हवं होतं ते ती शिकवायची: अक्षरं, शब्द, आकडे, बेरीज. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. गरज किती होती, तर हाच उपक्रम चाललेल्या वडोदऱ्यात तिसरीच्या पाच मुलांपैकी साधारण एकालाच पहिलीच्या पातळीचं गणित नीट येत होतं.

याचा उपयोग होतो का, हे ठरवायचं कसं? बालसखीकडे गेलेल्या मुलांची वर्गातल्या बाकीच्यांशी तुलना केली तर बालसखीच नापास ठरणार, कारण तिच्याकडे पाठवलेलीच मुळी मागे पडलेली मुलं. वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे गुण पाहावेत, तर पोरं वर्षभरात काही ना काही शिकतातच, बालसखी असो वा नसो. आणि काही शाळांना बालसखी द्यायची, काहींना अजिबात नाही, असं केलं तर ‘आमच्या पोरांनी काय घोडं मारलं’ म्हणून आया शाळेत येणार. आल्या तर आम्ही त्यांच्याच बाजूने उभ्या राहू.

अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘प्रथम’बरोबर यातून वाट काढली. कुठलीच शाळा रिकामी ठेवायची नाही. चिठ्ठीने काही शाळांत एका इयत्तेला बालसखी द्यायची आणि उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि एकाच इयत्तेची बालसखी असलेली आणि नसलेली मुलंही तुलनेला मिळाली. (जाता जाता, अभिजित यांच्या आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थशास्त्रज्ञ. २०१९ साली लेकाला नोबेल मिळालं तेव्हा मराठी घरांतही पेढे वाटायला निमित्त झालं.)

निकाल २००७ साली प्रसिद्ध झाला. बालसखी असलेल्या वर्गांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. हा आकडा ऐकून घाबरू नका. शंभर मुलं गुणांप्रमाणे एका रांगेत उभी केली आणि आपलं पोर बरोबर मधोमध, पन्नासावं असलं, तर ते साधारण एकसष्टाव्या जागी सरकलं असं समजा. वाढ सर्वांत जास्त झाली ती रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलांची.

आम्हाला मात्र दुसरीच एक बाब महत्त्वाची वाटते. पंधरा-वीस मुलं बालसखीकडे गेली की गुरुजींचा वर्ग तेवढा लहान व्हायचा. मागे उरलेल्या मुलांना त्याचा लाभ व्हायला हवा होता. तसा तो दिसला नाही. म्हणजे बाकं कमी झाल्याने फरक पडला नव्हता. मूल जिथे अडलं होतं तिथे कुणीतरी त्याच्याशेजारी बसलं, त्याने पडला. लहान बॅचच्या नावाखाली जास्त फी मागणाऱ्या वर्गात नाव घालण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि याच अभ्यासाने आपली उणी बाजूही लपवली नाही. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने मोजलं तेव्हा फायद्यातला बराचसा भाग ओसरला होता, उरला तो साधारण ०.१०. म्हणजे पन्नासावरून चौपन्नावर. फलकावर असा आकडा कुणी छापेल का? साताऱ्याच्या पाहणीतला ‘उरलं किती’ हा प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला.

‘प्रथम’नेच २००५ पासून ‘असर’ ही गावोगावची पाहणी सुरू केली, तीही दारोदार जाऊन. स्वयंसेवक दर पाचवं घर घेतात, आपल्या मर्जीने निवडत नाहीत. मूल शाळेत नव्हे, घरी तपासतात, कारण शाळेत गेलं तर फक्त हजर मुलं भेटतात. मुलापुढे एक कागद ठेवतात, त्यावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथपर्यंत वाचता येतं तिथपर्यंत वाचायचं.

आता आमचं एक सांगून टाकतो. आमच्या मंडळानेही सुट्टीत मुलांचा वाचनवर्ग चालवला होता. शेवटच्या दिवशी जी मुलं उरली त्यांना उभं करून फोटो काढला, सगळ्यांनी धडाधड वाचून दाखवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मध्येच यायची बंद झालेली मुलं वहीत होती. ती पानं आम्ही उलटली नाहीत. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा एकीने वही काढली, आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या मुलांच्या घरी येत्या रविवारी जायचं ठरलं आहे. असरसारखाच एक कागद हाताने लिहून काढला आहे. बरोबर यायचं असेल त्यांनी सकाळी नऊला चौकात भेटा, आणि ऊन फार आहे, तेव्हा पाण्याची बाटली आठवणीने आणा.